आत्याबाईंची सरासरी

"ताई, कोन किती पळालं ते समदं लिहिलंत. कोन पळवत होतं, त्याचा बी एक रकाना पाडा," असं कडुबा सर मला म्हणाले होते. मी "हो सर" म्हणाले आणि रकाना पाडला नाही.

यात माझी चूक झाली असं आता सगळी सोसायटी म्हणते. पण तेव्हाची परिस्थिती लक्षात घ्या. पानावर आधीच चौदा रकाने होते आणि पंधराव्यासाठी समास खावा लागला असता. शिवाय सल्ला देणारा माणूस कोण, तर आमच्या खो-खो संघाला शिकवणारे निवृत्त पीटी शिक्षक, जे वेळ मोजताना "ही पोरगी चहा निवेस्तोवर पळती" असं सांगतात. मी बी.एस्सी. संख्याशास्त्र आहे. एकाहत्तर पूर्णांक चार टक्के. चहा कोणत्या कपात, ऋतू कोणता, कपावर बशी झाकली होती का, हे विचारल्याशिवाय असलं माप मला मान्य होणं शक्य नव्हतं.

वही कुठून आली तेही सांगते. श्रेया झाल्यापासून मी तिची नोंद ठेवायचे. दूध किती वाजता, किती मिनिटं, कोणत्या बाजूचं, शी कोणत्या रंगाची, उचक्या किती, शिंका सलग की सुट्या. सव्वा वर्षात तीन वह्या भरल्या. शेवटच्या तपासणीला मी उचक्यांचा आलेख डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी तो उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला आणि म्हणाले, "बाळ उत्तम आहे. वहीची तब्येत बरी दिसत नाही. ती बंद करा." मी बंद केली. पण ज्या बाईने सव्वा वर्ष दर दोन तासांनी काहीतरी लिहिलंय, तिचा हात एकदम रिकामा झाला तर काय होतं याचा विचार डॉक्टर लोक करत नाहीत.

नेमक्या त्याच आठवड्यात तनुजा आली. तनुजा म्हणजे समोरच्या विंगमधली, आमच्या सोसायटीच्या महिला खो-खो संघाची कर्णधार. गारखेड्यातल्या सोसायट्यांचा दरवर्षी क्रीडा महोत्सव होतो, आणि आदल्या वर्षी संतकृपा सोसायटीने आमच्या 'स्नेहबंध'च्या नऊच्या नऊ जणींना पाच मिनिटांत बाद केलं होतं. वेळ उरला म्हणून पहिली तुकडी पुन्हा आत पाठवावी लागली, तर तीही बाद झाली. बघायला आलेले नवरे मध्येच पोहे खायला निघून गेले होते, हे जास्त लागलं होतं.

"तू स्टॅटिस्टिक्सवाली ना," तनुजा म्हणाली. "मग संध्याकाळी येऊन नुसता वेळ लिहीत जा."

'नुसता' हा शब्द मी त्याच क्षणी सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर वही, दोन रंगांची पेनं, मोबाईलचं स्टॉपवॉच आणि कडेवर श्रेया अशी हजर झाले. श्रेयाला सांभाळायला आत्याबाई बरोबर होत्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, आणि आमच्या आत्याबाईंना अख्खी सोसायटीच आत्याबाई म्हणते. नाव द्वारकाबाई, वय अठ्ठावन्न. सोसायटीतल्या निम्म्या बाळंतिणींना त्यांनी डिंकाचे लाडू पुरवलेत आणि उरलेल्या निम्म्यांना, "अशी चालू नको, कंबर धरंल," असं जिन्यात अडवून सांगितलंय.

त्या दिवशी माणसं फार कमी होती. पळायला एक कमी, पाठलागाला एक कमी. तनुजा म्हणाली, "आत्याबाई, पाच मिनिटं उभ्या राहता का, फक्त जागा भरायला?" आत्याबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि जाऊन उभ्या राहिल्या. सोसायटीचे अध्यक्ष नानासाहेब बाकावर बसले होते. मी त्यांच्या एका हातात श्रेया दिली, दुसऱ्या हातात मोबाईल दिला आणि पाठलागाच्या बाजूला आठव्या जागेवर जाऊन बसले.

आत्याबाई दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद टिकल्या.

पळत होत्या असं म्हणणं अवघड आहे. सुटायला आलेली एसटी गाठायची आहे पण घाई दाखवायची नाही, अशी बाई चालते तशा त्या चालत होत्या. पण कुणाच्या हाती लागेनात. पाठलाग करणारी अगदी जवळ आली की त्या थांबून तिच्याकडे वळून नुसतं बघायच्या, आणि ती गडबडून दुसरीला खो देऊन टाकायची. मी शेऱ्यांच्या रकान्यात लिहिलं, 'नजरेची हुलकावणी. असाधारण.'

तो दिवस धरून नऊ दिवस आत्याबाई रोज खेळल्या, रोज तीनदा. नवव्या दिवशी मी सरासरी काढली. आत्याबाई, तीन मिनिटं बारा सेकंद. दुसऱ्या नंबरवर मोनाली, एक मिनिट अठ्ठावीस. मोनाली तळमजल्यावरची नवी सून, वय तेवीस, माहेर पैठण, शाळेत असताना जिल्ह्याच्या संघात खेळलेली. तिसरी तनुजा, पंचावन्न सेकंद. एवढंच असतं तरी मी गप्प बसले असते. पण आत्याबाईंचं विचलन होतं फक्त एकोणीस सेकंद. म्हणजे ही बाई रोज, कधीही, कुणापुढेही तीन मिनिटांच्या आसपास टिकणारच. मोनालीचं तसं नाही. एकदा चार मिनिटं, एकदा दहा सेकंद. अशा मुलीच्या भरवशावर सामना सोडायचा म्हणजे उकळत्या दुधाकडे पाठ करून फोनवर बोलण्यासारखं होतं.

मी बैठकीत सांगितलं की आत्याबाई पहिल्या तुकडीत जातील आणि मोनाली शेवटच्या.

 बायका एकमेकींकडे बघत होत्या. आकड्यांनी माणसं अशी निरुत्तर होतात, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं. कॉलेज सुटल्यापासून माझ्या शिक्षणाकडे कुणी इतक्या शांततेने बघितलं नव्हतं.

मोनालीने फक्त विचारलं, "ताई, नक्की का?"

"वहीत आहे," मी म्हणाले.

नानासाहेबांनी मात्र मला जिन्यात गाठलं. "सूनबाई, अठ्ठावन्न वर्षांची बाई आणि तेवीस वर्षांची पोरगी, यांत कोण जास्त पळेल हे सांगायला वही लागते का?"

"काका, वहीला वय दिसत नाही, म्हणून तर ती खरं सांगते."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते घरी अभयला, म्हणजे नवऱ्याला, दोनदा ऐकवलं. अभय वाळूजच्या कंपनीत क्वालिटीला आहे. नोकरीच मुळी आकड्यांवर शंका घेण्याची. तो म्हणाला, "आईचा डावा गुडघा जिना चढताना वाजतो."

"जिन्यात वाजतो. मैदानात एकदाही वाजलेला नाही. नोंद आहे."

"नसेल वाजत. पण तिला झेपलं नाही तर?"

हा प्रश्न मला पडला नव्हता असं नाही. मी मुळातच काळजी करणारी बाई आहे. श्रेया झोपली तर श्वास चालू आहे का बघते, आणि उठली तर का उठली याची काळजी करते. पण सत्तावीस नोंदी हाताशी असताना काळजी करणं म्हणजे स्वतःच्या डिग्रीवर अविश्वास दाखवणं झालं असतं.

मग फॉर्म भरायला गेलो. महोत्सवाच्या कार्यालयातल्या गृहस्थांनी फॉर्म घेतला, आत्याबाईंचं वय वाचलं आणि ड्रॉवर उघडला. "पन्नाशीच्या पुढं संगीत खुर्ची आहे. तो फॉर्म निळा."

"खुर्चीत बसायला फॉर्म कशाला लागतोय?" आत्याबाई म्हणाल्या. "मला पळायचंय."

"मग फिटनेस सर्टिफिकेट लागेल. आणि वयाचा दाखला. आणि हे आधारवर 'द्वारका' आहे, पासबुकावर 'द्वारकाबाई'. या दोन बाया झाल्या."

मी त्यांना समजावलं की कार्डावर शहराचं जुनं नाव आहे आणि त्यांच्या फॉर्मवर नवं, तरी शहर एकच आहे ना. ते म्हणाले, "शहराचं राजपत्रात आलं मॅडम. यांचं आलंय का?"

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कशासाठी दाखला हवा ते विचारलं, ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा विचारलं. आत्याबाई उत्तर न देता उठल्या आणि तिथंच दवाखान्यात उठाबशा काढायला लागल्या. पंधराव्या उठाबशीला बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावायला लागले. विसाव्याला डॉक्टर म्हणाले, "बसा काकू, लिहून देतो. पण गुडघ्याला पट्टा लावायचा." त्यांनी गुडघा वाजलेला ऐकला असावा. मी श्रेयाला खुळखुळा वाजवून दाखवत होते, त्यामुळे माझ्याकडे तशी नोंद नाही.

वयाच्या दाखल्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला काढायचा होता, आणि आत्याबाईंची शाळा गंगापूरला. जीपमध्ये मागच्या बाजूला आम्ही अकरा जण. श्रेया एका अनोळखी आजोबांच्या मांडीवर बसून त्यांच्या खिशातला पेन चोखत होती. पेनाच्या शाईत काय काय असतं याचा विचार करत मी गंगापूरपर्यंत पोहोचले. शाळेतल्या बाईंनी कपाटावरून जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबल्या आणि दाखला लिहून दिला. आत्याबाईंनी तो मला वाचायला लावला. इयत्ता नववी. वर्तणूक चांगली. प्रगती समाधानकारक. शाळा सोडण्याचे कारण, लग्न.

परतीच्या जीपमध्ये त्या वाळूज येईपर्यंत दाखल्याची घडी घालत-उलगडत होत्या. मग म्हणाल्या, "मंजुषा, त्या कागदावर खेळाचा रकाना नव्हता का?"

"नव्हता आत्याबाई."

"मंग आता माझं खेळाचं काय लिहिलेलं असंल, ते तुझ्या वहीतच हाय म्हन."

मी "हो" म्हणाले. इतकं सहज म्हणाले की आता आठवलं तरी कानाशी गरम होतं.

त्यानंतरच्या पंधरवड्यात संघ फक्त खो द्यायचा सराव करत होता, त्यामुळे वहीत भर पडली नाही, पण आत्याबाई बदलल्या. पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. श्रेयासाठी भिजवलेले बदाम सकाळी मोजले तर दोन कमी भरायला लागले. भाजीवाल्याने "मावशी, पायऱ्या सांभाळून," असं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मला काय म्हातारी समजायलास व्हय? माझी सरासरी तीन मिनिटं बारा सेकंद हाय." त्याला कळलं नाही, पण त्याने कोथिंबीर जास्त घातली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या भाकरी किती, चपात्या किती याचाच हिशोब डोक्यात ठेवणाऱ्या बाईला स्वतःचा एक आकडा मिळाला होता, आणि त्या तो रोज कुणाला ना कुणाला सांगत होत्या. गंगापूरला फोन करून बहिणीला सांगितला. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला सांगितला.

सामन्याच्या दिवशी मैदानाभोवती चार सोसायट्या जमल्या होत्या. सात मिनिटांची पाळी, दोन डाव, आणि समोर पुन्हा संतकृपा. पाठलागाला ते आधी बसले. आमची पहिली तुकडी आत गेली, तनुजा, बी विंगमधली एक बँकवाली वहिनी आणि आत्याबाई. मी वही उघडली, पेन धरलं आणि पुढच्या तीन मिनिटांसाठी निवांत बसले.

संतकृपाची पाठलाग करणारी मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असेल. वर बांधलेली वेणी, पाठीवर सात नंबर. ती सरळ आत्याबाईंच्या दिशेने आली. आत्याबाई थांबल्या, वळल्या आणि त्यांनी तिच्याकडे बघितलं. तेच ते, शेऱ्यांच्या रकान्यातलं असाधारण बघणं.

सात नंबरने त्यांच्या खांद्यावर थाप दिली. "बाद, आजी," असं नम्रपणे म्हणून ती पुढे गेली.

अकरा सेकंद.

मी आधी मोबाईल हलवून बघितला. मग वहीत लिहिलं, 'अपवादात्मक निरीक्षण'. आत्याबाई मैदानात उभ्याच होत्या. आपल्याला बाहेर जायचंय हे त्यांना पंचांनी सांगितलं. त्या येऊन माझ्याशेजारी न बसता मागे पाण्याच्या जारपाशी जाऊन बसल्या.

त्या पाळीत आमच्या आठ जणी बाद झाल्या. नववी मोनाली. ती शेवटच्या तुकडीत गेली, आणि उरलेली जवळजवळ तीन मिनिटं बसलेल्या मुलींच्या मधून साखळी काढत एकटी पळत राहिली. शिट्टी झाली तरी कुणाच्या हाती लागली नव्हती. नानासाहेब माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मग आम्ही पाठलाग केला आणि सहा बाद केल्या. आठ विरुद्ध सहा. मध्यंतर झालं. मी सगळ्यांना गोळा केलं, कारण हा प्रकार समजून घेणं मला भाग होतं.

"आत्याबाई अकरा सेकंदांत कशा काय गेल्या?" मी विचारलं. "सत्तावीस वेळांत एकदाही तीसच्या खाली नाहीत, तीसच्या काय, दोन मिनिटांच्या खाली नाहीत."

बायका पाण्याच्या बाटल्यांची झाकणं लावायला लागल्या. लावलेली झाकणं काढून पुन्हा लावायला लागल्या.

शेवटी तनुजा म्हणाली, "मंजू, आमच्यातल्या कुणी त्यांना हात लावला असता का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. माझ्या सासूबाईंच्या मैत्रीण त्या. मी त्यांच्या पाठीत धपाटा घालून बाद म्हणू? घरी जायचंय मला."

"माझ्या बाळंतपणात महिनाभर डबा आला त्यांच्याकडून," बँकवाली वहिनी म्हणाली.

"आम्हाला वाटलं, तुला माहितीय," तनुजा म्हणाली. "पहिल्या दिवशी तूच तर सोडलंस त्यांना. आम्ही तुझं बघून केलं."

मला आठवलं. आठवी जागा. तनुजाने मला खो दिला होता, मी उठले होते, आत्याबाई माझ्यापुढे दोन हातांवर होत्या. मी हात पुढे केला होता. त्यांच्या पाठीपासून एक वीत अंतरावर तो थांबला होता, कारण सासूच्या पाठीला सुनेने हात कसा लावायचा हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी वळून बघितलं, मी खो देऊन टाकला. आणि मैदानाबाहेर येऊन वहीत त्यांचं कौतुक लिहिलं होतं. सत्तावीस नोंदींत सुनांच्या हातांचा संकोच मी सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजला होता आणि त्याला आत्याबाईंचा वेग म्हटलं होतं.

"म्हंजी तुम्ही मला सोडायलात व्हय?"

जारपाशी आत्याबाई उभ्या होत्या. 

"किती दिवस?"

"नऊ दिवस," मी म्हणाले. "सत्तावीस वेळा." हे मी का सांगितलं मला माहीत नाही. आकडा तोंडातून आपोआप निघाला.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांची सून आहे तेव्हापासून त्यांना रागावलेलं बघितलंय, रुसलेलं बघितलंय. हे तसलं काही नव्हतं. गंगापूरच्या शाळेत तो दाखला ऐकून घेतानाचा चेहरा होता हा.

कडुबा सर पुढे आले. त्यांनी मला काही ऐकवलं नाही, त्याने जास्तच लाजल्यासारखं झालं. "आता दुसऱ्या डावाच्या तुकड्या लिहून द्यायच्यात," ते म्हणाले. "मोनाली पहिल्यांदा. आत्याबाईंच्या जागी राखीवमधली घेऊ. काय ताई?"

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांची अक्कल तेच सांगत होती, माझीही. मी नाव खोडायला पेन टेकवलं.

"थांब जरा," आत्याबाई म्हणाल्या. "ते सत्तावीस खोटे ना?"

"हो आत्याबाई."

"मंग खरे किती हायेत वहीत?"

"एक. आजचा."

"एका आकड्यावर तू माणूस काढतीस व्हय? एवढी शिकलीस अन् एका आकड्यावर?"

मी पेन उचललं. तुम्ही संख्याशास्त्र शिकला नसाल तर सांगते, या प्रश्नाला उत्तर नसतं. तीन वर्षं आमच्या सरांनी हेच घोकून घेतलं होतं, एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नका. आणि ते मला मैदानावर, गुडघ्याला पट्टा बांधलेली, नववीत शाळा सुटलेली बाई सांगत होती.

"सूनबाई, सामना जाईल," नानासाहेब दोरीपलीकडून म्हणाले.

"काका, निरीक्षणं अपुरी आहेत," मी म्हणाले, आणि मोनालीला पहिल्या तुकडीत, आत्याबाईंना दुसऱ्या तुकडीत लिहून कागद पंचांना नेऊन दिला. घाईत अक्षर वाईट आलं. पंचांनी नाव दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "द्वारकाबाईच. फिटनेस सर्टिफिकेट आहे."

मोनालीने पहिली तुकडी चार मिनिटं ओढली. ती बाद झाली तेव्हा समोरच्या सोसायटीनेही टाळ्या वाजवल्या. मग दुसरी तुकडी आत गेली.

या वेळी आत्याबाई कुणाकडे बघत बसल्या नाहीत. सात नंबर आली तशा त्या खांबाकडे निघाल्या, आणि मी पहिल्यांदाच त्यांना पळताना बघितलं. लय वगैरे काही नव्हती. डावा पाय जरा बाहेर पडत होता, पट्टा घसरून पोटरीवर आला होता, एका हाताने निऱ्या धरलेल्या. पण त्या खांबाला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि सात नंबरचा हात हवेत राहिला. तिला खो द्यावा लागला. उठलेल्या दुसऱ्या मुलीलाही त्यांनी दोन बसलेल्या मुलींच्या मधून निघून चकवलं.  कडेवर श्रेया माझी वेणी ओढत होती आणि तनुजा माझा दंड धरून उभी होती. तिसऱ्या मुलीने त्यांना गाठलं आणि पाठीवर चांगली दणदणीत थाप दिली, आमच्यापैकी कुणाला सात जन्मात जमली नसती अशी.

सव्वीस सेकंद.

त्या धापा टाकत बाहेर आल्या. बोलता येत नव्हतं. मी पाणी दिलं, ते बाजूला सारून त्यांनी वहीकडे बोट केलं.

"लिहिलं," मी म्हणाले. "सव्वीस."

"अकराच्या पुढं किती झालं ते?"

"दुपटीच्या वर."

मग त्या पाणी प्यायल्या.

आम्ही एका गुणाने हरलो. चौदा विरुद्ध तेरा. घरी येताना जिन्यात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये एकच बोलणं होतं, की तो एक गुण आत्याबाईंचा. नानासाहेबांनी ते नोटीस बोर्डापाशी उभं राहून चौघांना समजावून सांगितलं. मी श्रेयाला अभयकडे दिली, खाली गेले आणि म्हणाले, "काका, आपल्या चौदा जणी बाद झाल्या. त्यातल्या बारा वेळा आत्याबाई मैदानात तरी होत्या का ते सांगा." ते म्हणाले, "पण सूनबाई, ती एक जण..." मी वही उघडून प्रत्येक नाव आणि प्रत्येक सेकंद मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तनुजाचं नाव दोनदा आलं. बँकवाल्या वहिनीचं दोनदा. पाचव्या नावाला त्यांच्या घरून जेवायला हाक आली. मी चौदाही वाचून संपवली. ऐकायला शेवटी वॉचमन एकटाच उरला होता, पण त्याने ऐकलं.

आता खरी अडचण सांगते. आत्याबाईंनी त्या रात्री जेवताना जाहीर केलं की त्या सोसायटीत सराव करणार नाहीत. "हितं समद्या माझ्या पोरीबाळी. मला कोन धरनार?" दुसऱ्या दिवशी पहाटे त्या बूट घालून निघून गेल्या. चौकशी केल्यावर कळलं की पलीकडच्या मोठ्या मैदानावर शाळेच्या मुली खो-खो खेळतात, तिथं त्या जातात. तिथं त्यांना कुणी ओळखत नाही. लाडू दिलेले नाहीत, कुणाच्या सासूशी मैत्री नाही. महिना झाला. रोज जातात. परत येतात तेव्हा चेहरा लाल असतो. मी विचारते, "आज किती?" तर म्हणतात, "तुला कशाला? तू लिहायला बसशील." मला आणि माझ्या वहीला त्या मैदानावर यायची बंदी आहे. अभयलाही. परवा मी श्रेयाच्या बाबागाडीमागे लपून फाटकापर्यंत गेले होते, तर तिथूनच ओरडून परत पाठवलं.

म्हणून तुम्हाला सांगतेय. सकाळी सहाच्या सुमारास त्या बाजूला फिरायला जात असाल, तर एकदा बघाल का? जाळीच्या कडेला मुलींचं मैदान आहे. त्यात साडी नेसलेली एकच बाई दिसेल, ती आमची. मधे मधे पाणी पिते का तेवढं बघा. धाप लागल्यावर बसते का बघा. मी पाठवलंय असं म्हणू नका. आणि दोन मिनिटं जास्त थांबता आलं तर त्या मुलींच्या हातांकडे बघा. तिच्या पाठीपाशी आल्यावर हात थांबतोय असं एखादीचं दिसलं, तर तिला बाजूला घेऊन सांगा की बाई ग, लाव हात, आजीला राग नाही येणार. हात नीट लागत असतील, तर कुणालाच काही सांगू नका. मला तेवढं कळवा.